वजनाच्या आकड्याची जन्मकथा

भगिनींनो, दवाखान्यात उंची नि वजन घेऊन जो एक आकडा काढतात, त्याची जन्मकथा थोडक्यात सांगते.

१८३२ साली बेल्जममधील आदोल्फ केतले यांनी दाखविले, की प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ते वैद्य नव्हते, खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधावयाचा होता. १९७२ साली अमेरिकेतील अँसेल कीज यांनी हेच गणित सात हजारांवर पुरुषांवर पडताळून त्यास ‘बॉडी मास इंडेक्स’ नाव दिले. त्यांत स्त्री एकही नव्हती! तोच आकडा आपल्यालाही लावतात. १९९८ साली अमेरिकेत त्याची मर्यादा खाली आणली, तेव्हा लाखो माणसे गुंजभरही न वाढता जादा वजनाची ठरली.

उलट, तेथीलच मिशिगन राज्याने १९७६ साली कायदा केला, की वजनावरून कोणास नोकरीत डावलू नये.

आकडा डॉक्टरांच्या उपयोगाचा, हे खरे. पण ती माणसाची किंमत नव्हे. गेल्या हळदीकुंकवाला जाडीवरून थट्टा झाली, म्हणून एक शेजारीण पुन्हा मंडळात आली नाही. त्या थट्टेला मीही हसले होते. यंदा तिला बोलावणे करण्यास मीच जाणार आहे.