समुद्र नसलेल्या देशांचा समुद्र

मध्य आशिया म्हटले की समरकंदचे निळे घुमट डोळ्यांसमोर येतात. पण कझाकस्तान, किरगिझस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि उझबेकिस्तान या पाच देशांचा इतिहास घुमटांइतकाच पाटांतही शोधावा लागतो. यांपैकी एकालाही महासागराचा किनारा नाही. उझबेकिस्तानला तर तो गाठायला किमान दोन देश ओलांडावे लागतात. पामीर आणि तिएनशानच्या बर्फावर पोसलेल्या अमू दर्या व सिर दर्या या नद्याही सागराला मिळत नाहीत. त्यांचा सागर म्हणजे अरल हे खारे सरोवर.

अमूकाठच्या ख्वारिज्ममध्ये ९७३ साली अल्-बीरुनी जन्मला. भारतावरील ग्रंथात कोकणची राजधानी म्हणून ठाण्याची नोंद करणाऱ्या या विद्वानाने अमूच्या बदललेल्या पात्राविषयीही लिहून ठेवले आहे. नदीच्या लहरीशी जुळवून घेत जगणारा हा मुलूख होता. शेतोशेत पाणी वाटून देणाऱ्याला तिथे ‘मिराब’ म्हणत. आपल्याकडचा पाटकरीच म्हणा ना. खिवा, बुखारा यांचे वैभव अशा वाटपावर उभे होते.

सोव्हिएत राजवटीत हे वाटप मॉस्कोच्या हाती गेले. १९२४ पासून प्रजासत्ताकांच्या सीमा आखल्या गेल्या. पुढे कापसाची उद्दिष्टे ठरली आणि १९५४ मध्ये वाळवंटातून काराकुम कालवा खोदायला सुरुवात झाली. १९६० साली सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर पसरलेले अरल तेव्हा जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर होते. १९८७ पर्यंत त्याचे दोन तुकडे झाले. मुयनाक बंदरातल्या मासेमारी बोटी आज वाळूत गंजत उभ्या आहेत. उघड्या पडलेल्या तळावरची खारी धूळ वाऱ्याबरोबर गावांत शिरते.

१९९१ मध्ये पाचही देश स्वतंत्र झाले आणि नद्यांना सीमा आल्या. वरच्या डोंगराळ देशांना हिवाळ्यात विजेसाठी पाणी सोडायचे असते, तर खालच्यांना ते उन्हाळ्यात कापसासाठी हवे असते. १९९२ च्या अल्माटी कराराने जुनेच वाटप चालू ठेवले. भांडण मिटले नाही. तरी २००५ मध्ये कझाकस्तानने कोकअरल धरण पूर्ण केले आणि उत्तरेकडच्या लहान अरलात पाणी चढले, मासे परतले. दक्षिणेचा मोठा भाग मात्र आटतच राहिला.

अमूने पात्र बदलले तो निसर्गाचा खेळ होता. अरल आटले तो माणसांचा निर्णय. निळे घुमट दुरुस्त करता येतात आणि ते होतही आहे. या भूमीचा त्याहून जुना वारसा मात्र मिराबाचा आहे, आणि तो एकट्यादुकट्या देशाला जपता येणार नाही.