राजा मेला, तेव्हा डिटेक्टिव्ह कोण होतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जे 'अं... म्हणजे' झालं ते तेवढं उडवलंय.

सुरुवात आमच्या कुहीपासून. ऑफिससाठी कुहीहून नागपूर गाठायचं असेल तर बसमध्ये एक अख्खं ऑडिओबुक निम्मं संपतं. त्यात मला सध्या नाद लागलाय तो 'कोझी मिस्टरी'चा. कोझी म्हणजे खून तर होतो, पण रक्त फारसं दिसत नाही. चहा चालू असतो, माणसं मोजकी असतात, आणि तपास करणारा पोलीस नसतो, हौशी असतो. त्यातही एक खास गल्ली आहे: डिटेक्टिव्ह राजघराण्यातलाच! राइस बोवेनची लेडी जॉर्जियाना अशीच. एस. जे. बेनेटनं तर थेट राणी एलिझाबेथलाच विंडसरच्या वाड्यात तपासाला बसवलं. आपल्याकडे इंग्रजीत लिहिणाऱ्या अर्जुन राज गैंदचा महाराजा सिकंदर सिंग आहे. 'अ व्हेरी पक्का मर्डर' या कादंबरीत इंग्रज रेसिडेंट बंद खोलीत मेलेला सापडतो आणि संस्थानचा राजा छडा लावतो.

हे ऐकता ऐकता मला वाटलं, अरे, हे तर नागपुरात झालंय! फक्त उलटं. इथे मेला राजा, आणि छडा लावला रेसिडेंटनं.

केस अशी. २२ मार्च १८१६ ला दुसरे रघुजी भोसले वारले. गादीवर आला त्यांचा मुलगा परसोजी. तो आंधळा होता, शरीरानं अधू होता, आणि कारभार सांभाळण्याची त्याची स्थिती नव्हती. त्याच्या नावानं राज्य कोण करणार, यावर वाड्यात दोन गट पडले. एकीकडे रघुजींची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले. दुसरीकडे परसोजीचा चुलतभाऊ आप्पासाहेब. आप्पासाहेब जिंकला. धर्माजी मारला गेला. मे महिन्यात आप्पासाहेबानं इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह करून टाकला, म्हणजे आपल्या खुर्चीला बाहेरून टेकू घेतला.

मग १ फेब्रुवारी १८१७. परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. आप्पासाहेब कुठे? चांद्याला! म्हणजे आजचं चंद्रपूर, दीडशे किलोमीटर लांब, घोड्यांच्या काळात. एवढी घट्ट अ‍ॅलिबाय कादंबरीत दिली तर आपण लगेच म्हणू, हाच खुनी.

मी हे जेवताना घरी सांगत होतो. आजीनं भाकरी तव्यावरच ठेवली न् विचारलं, "मंग त्याची बायको काय म्हने?"

खरं सांगतो, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. परसोजीची एक राणी, काशीबाई, सती गेली. जी घरातलं काही सांगू शकली असती, ती चितेवर गेली. आजी पुढे काही बोलली नाही. करपलेली भाकरी मात्र तिनं मलाच वाढली.

आता डिटेक्टिव्हकडे येऊ. कादंबरीतल्या शाही डिटेक्टिव्हची गंमत काय असते? त्याला कोणी अडवू शकत नाही, आणि निकाल काहीही लागला तरी त्याचं काही जात नाही. नागपुरात असं कोण होतं? बाकाबाई होती. वाड्याची खडान्‌खडा माहिती असलेली, हुशार, आणि ज्याच्यावर संशय त्याची कट्टर विरोधक. मला कादंबरी लिहायची असती तर मी तिलाच नायिका केलं असतं. पण तेव्हा तिच्या हातात काही उरलं नव्हतं, आणि तिच्या बोलण्याला 'हरलेल्या गटाची तक्रार' हेच लेबल लागणार होतं.

दुसरा माणूस रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स. पण आप्पासाहेब कंपनीचा मित्र होता, तहावर त्याचीच सही. इंग्रजांनी त्याला राजा म्हणून मान्य केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट झाला, आणि कोणीतरी तो 'लो प्रायॉरिटी' करून ठेवला.

तो उघडला कधी? आप्पासाहेब फिरला तेव्हा. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्यानं पेशव्याकडून सेनासाहेब सुभ्याची वस्त्रं स्वीकारली, २६-२७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली, आणि डिसेंबरात नागपूर पडलं. १५ मार्च १८१८ ला जेंकिन्सनं त्याला अटक केली, तेव्हा कटाच्या आरोपासोबत परसोजीच्या खुनाचा आरोपही पुढे आला. वर्षभर झोपलेली केस एकदम जागी झाली!

आप्पासाहेब निर्दोष होता असं मी म्हणत नाहीये. त्यानंच करवला, हे मला पटतं. पण ज्यानं छडा लावला त्यालाच अख्खं राज्य मिळालं, हे बाजूला ठेवून मला ती फाइल वाचता येत नाही. बाकाबाईचंही तसंच. रघुजींच्या मुलीचा लहान मुलगा परसोजीच्या दुसऱ्या राणीला, दुर्गाबाईला, दत्तक देऊन गादीवर बसवला, आणि बाकाबाई पुन्हा वाड्यात वजनदार झाली. परसोजीला न्याय मिळाला म्हणायचं, तर त्यात परसोजीचं काय होतं? शाळेत आम्हाला सीताबर्डीची लढाई होती. त्याचं नावसुद्धा मी ऐकलं नव्हतं.

आरोपीचं काय झालं, ते मात्र थेट सिनेमा आहे. मे १८१८ मध्ये कैदेत नेताना जबलपूरच्या वाटेवर आप्पासाहेब शिपायाच्या वेषात पळाला, महादेवाच्या डोंगरात शिरला, आणि इंग्रजांच्या हाती पुन्हा कधीच लागला नाही. १८४० मध्ये जोधपूरला वारला. खटला उभाच राहिला नाही. भोसल्यांचा जुना वाडा १८६४ मध्ये जळाला, म्हणजे घटनास्थळ बघायला महालात गेलात तर नगारखान्याचा दरवाजा तेवढा दिसेल.

पुढच्या भागात महादेवाच्या डोंगरातला आप्पासाहेब. आणि हो, आजीनं विचारलंय की त्या दुर्गाबाईचं पुढे काय झालं. शोधतोय.