एक किलोबाइटचा पट

१९७६ साली अमेरिकेतील मॉस टेक्नॉलॉजी कंपनीने आणलेला किम-१ हा संगणक म्हणजे नुसता उघडा सर्किट बोर्ड होता. त्याला पडदा नव्हता; बटणांचा छोटा कीपॅड आणि सहा आकडे दाखवणारे लाल दिवे, एवढीच सामग्री. मेमरी एक किलोबाइटपेक्षा थोडीशीच जास्त. टोरांटोच्या पीटर जेनिंग्ज यांनी तेवढ्यात बुद्धिबळ बसवले आणि त्याच वर्षी ‘मायक्रोचेस’ नावाने विकायला काढले.

पट दिसायची सोय नसल्याने खेळणाऱ्याला खरा पट मांडून बसावे लागे. मोहरा कोणत्या घरातून कोणत्या घरात गेला ते आकड्यांनी दाबायचे, दिव्यांवर उमटलेले उत्तर वाचायचे आणि यंत्राचा मोहराही आपल्याच हाताने सरकवायचा. प्रतिस्पर्ध्याचा हमालही आपणच! मुरलेल्या खेळाडूला हे यंत्र सहज हरवता येई. तरीही मायक्रोचेस खपले, टीआरएस-८० आणि ॲपल-२ वरही पोहोचले. ते विकणाऱ्या पर्सनल सॉफ्टवेअर कंपनीने त्या कमाईचा काही भाग ‘व्हिसिकॅल्क’ घडवण्यात घातला. कार्यालयांत वैयक्तिक संगणक शिरला तो पुढे याच हिशेबतक्त्यामुळे.

डॅन आणि कॅथी स्प्रॅकलेन या दांपत्याचे ‘सार्गॉन’ १९७८ मध्ये आले. खेळात ते सरस होते आणि त्याची संपूर्ण आज्ञावली पुस्तकरूपाने छापली गेली.

अटारीच्या खेळयंत्रावरील ‘व्हिडिओ चेस’ची (१९७९) अडचण वेगळी होती. एका ओळीत आठ मोहरी दाखवणे त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते. बॉब व्हाइटहेड यांनी मोहऱ्यांच्या आडव्या रेघा एकाआड एक रंगवून वाट काढली, म्हणून तिथली मोहरी पट्ट्यापट्ट्यांची दिसतात. चाल शोधताना चित्र काढायला यंत्राला सवडच नसे. पट नाहीसा होऊन पडद्यावर नुसते रंग पालटत राहत.

काटकसरीची कमाल मात्र ब्रिटनमध्ये झाली. १९८१ च्या झेडएक्स-८१ ची मूळ मेमरी एक किलोबाइट होती आणि पडद्यावरच्या अक्षरांनाही त्यातच जागा द्यावी लागे. डेव्हिड हॉर्न यांनी १९८२ मध्ये ६७२ बाइटांत बुद्धिबळ बसवले. त्यासाठी किल्लेकोट गाळला गेला आणि शेवटच्या घरी पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर होणेही. सर्वांत छोट्या बुद्धिबळ-आज्ञावलीचा हा विक्रम २०१५ मध्ये ४८७ बाइटांच्या ‘बूटचेस’ने मोडला. किल्लेकोट त्यातही नाही.