लिस्बनला हवं असलेलं चित्र

डिचोलीची आजी १९६१ सालच्या आठवणी सांगायला बसली की आधी रेडिओ यायचा. दाराला कडी, आवाज बारीक आणि 'व्हॉइस ऑफ फ्रीडम'. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ते केंद्र आधी आंबोलीच्या आणि पुढं कॅसलरॉकच्या रानातून चालवत. पाखल्यांचा, म्हणजे पोर्तुगिजांचा, रेडिओ मात्र गोवा पोर्तुगालचाच भाग असल्याचं सांगे. १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना 'प्रांत' केलं, तेही जगाला दाखवण्यासाठीच.

१८ डिसेंबरच्या पहाटे भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा पोर्तुगीजांनी माघार घेताना डिचोलीचा पूल उडवला. "फळीवरची भांडी खाली आली," आजी म्हणे. तिच्या गोष्टीतलं युद्ध एवढंच.

लिस्बनला मात्र वेगळं युद्ध हवं होतं. चारच दिवस आधी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने गोव्याचे गव्हर्नर वासालो इ सिल्वा यांना कळवलं होतं: शरणागती नाही, सैनिक एक तर विजयी, नाही तर मृत. जिंकणं अशक्य, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला हवी होती शांतिदूत नेहरूंच्या सैन्याने मारलेल्या पोर्तुगिजांची प्रेतं. गोव्यातून रणगाड्यांविरुद्धचे हातबाँब मागवताना सांकेतिक शब्द 'शोरिसू' वापरला, तर लिस्बनहून खरोखरच सॉसेज आले, असा किस्सा गोव्यात अजून रंगवून सांगतात.

गव्हर्नरने माणसं वाचवली. १९ तारखेला शरणागती. दोन्ही बाजू मिळून पन्नासच्या आसपास मृत्यू. लिस्बनमध्ये सिनेमागृहं बंद, मूक मोर्चे.

आणि तरीही सालाझारचं निम्मं साधलं, हे मान्य करायला हवं. सुरक्षा परिषदेत अमेरिकेच्या ॲडलाय स्टीव्हन्सननी भारताला फटकारलं. युद्धबंदीच्या ठरावाला सात मतं पडली आणि तो सोव्हिएत नकाराधिकारामुळेच अडला. जगाला शांततेचे पाठ देणारेच सैन्य घेऊन गेले, अशी टर पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी उडवली. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले होते, ते कुणाला आठवेना. ठरावाविरुद्ध मत देणाऱ्यांत मात्र सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तचं संयुक्त अरब प्रजासत्ताक होते. १९६१ मध्येच अंगोलात पोर्तुगालविरुद्ध उठाव पेटला होता. आफ्रिकेला सालाझारचं चित्र पटणार कसं?

गव्हर्नरला सैन्यातून बडतर्फ केलं. पोर्तुगालमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचा हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये तो गोव्यात आला, तेव्हा लोकांनी त्याचं प्रेमानं स्वागत केलं. आजी गेली नाही. तो पूल तिने त्याच्याच खात्यावर मांडून ठेवला होता.