सल्लागार दिल्लीत, कारखाना जबलपुरात

लष्करात नोकरी केलेल्या जुन्या माणसांना ‘जोंगा’ हे नाव सांगावे लागत नाही. डोंगरी रस्त्यांवर दणादण चालणारी ती दणकट गाडी. नाव परदेशी वाटते, पण ते जबलपूरचे आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांतली इंग्रजी अक्षरे जुळवून ते तयार झाले. गाडी मात्र मूळची जपानच्या निस्सान कंपनीची. तिच्याआधी जबलपुरात बनू लागलेला ‘शक्तिमान’ ट्रक जर्मनीच्या मान कंपनीचा. नाव आपले, जोडणी आपली, आराखडा दुसऱ्याचा.

हा आराखडाही आपला व्हावा, यासाठी स्वतंत्र भारताने एक पद निर्माण केले: संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार. या पदाचा इतिहास बहुधा दिल्लीतून लिहिला जातो, अलीकडे हैदराबादेतून. तो जबलपुरातून पाहिला तर वेगळा दिसतो.

जबलपूरचा तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, शेजारी खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. त्या काळी जबलपूर मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. रेल्वे, कचेऱ्या आणि या कारखान्यांच्या निमित्ताने कितीतरी मराठी घरे नर्मदेकाठी स्थिरावली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर राजधानी बदलली, घरे तिथेच राहिली. या कारखान्यांत हातांचे कौशल्य अस्सल होते. पण ब्रिटिशांची व्यवस्था अशी, की तोफ कशी असावी हे विलायतेत ठरे आणि इथे ती ठरल्याप्रमाणे घडवली जाई. विचार करण्याचे काम या कारखान्यांकडे कधी सोपवलेच गेले नव्हते.

१९४८ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले. उदयपूरचे, केंब्रिजला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले आणि दिल्ली विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे. त्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्लॅकेट यांनी भारत सरकारला संरक्षणातील विज्ञानाविषयी अहवाल दिला. त्याचा रोख व्यवहारी होता: देश गरीब आहे, शास्त्रज्ञ थोडे आहेत, तेव्हा झेपेल तेच आधी करावे. कोठारींनी त्या बेताने मोजकी माणसे घेऊन काम सुरू केले. १९५६ मध्ये त्यांनी अणुस्फोटांच्या परिणामांवर पुस्तक लिहिले आणि त्याला नेहरूंनी प्रस्तावना दिली. लष्करी संशोधनाचा प्रमुख अधिकारी शस्त्राच्या संहाराचा हिशोब जाहीरपणे मांडतो, ही गोष्ट तेव्हाही दुर्मीळ होती.

१९५८ मध्ये लष्कराच्या तांत्रिक विकास संस्था आणि कोठारींची विज्ञान संघटना एकत्र करून डी.आर.डी.ओ. स्थापन झाली. सुरुवातीला दहा प्रयोगशाळा होत्या. तोफा आणि बंदुकांचे आराखडे करणारी संस्था, ए.आर.डी.ई., पुण्यात आली. अशा रीतीने सल्लागाराच्या हाती आराखडे करणारे आले. कारखाने मात्र आले नाहीत. चीन युद्धाच्या धक्क्यानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षण उत्पादनाचा स्वतंत्र विभाग झाला आणि पुढे जबलपूरची फाइल त्या विभागाकडे जाऊ लागली. पुण्यातला आराखडा एका अधिकाऱ्याचा, जबलपूरची भट्टी दुसऱ्याची आणि तोफ कशी हवी हे सांगणारे लष्कर तिसरे.

या विभागणीत अगदीच तथ्य नव्हते असे नाही. आराखडा करणाऱ्यानेच माल बनवावा आणि त्यानेच तो उत्तम असल्याचे प्रमाणपत्र द्यावे, हे धोक्याचे असते. आणि तिघांचे जमले की काम होई. १०५ मिलिमीटरची भारतीय फील्ड गन हे त्याचे उदाहरण. आराखडा पुण्याचा, निर्मिती जबलपूरची. ब्रिटिश पंचवीस-पौंडी तोफांची जागा तिने घेतली. २०२३ पासून प्रजासत्ताक दिनी दिल्लीत एकवीस तोफांची सलामी याच तोफा देतात.

सल्लागाराचे काम प्रत्यक्षात काय असते, याचा धडा १९७४ मध्ये मिळतो. तेव्हा डॉ. बसंतीदुलाल नाग चौधुरी त्या पदावर होते. पोखरणच्या चाचणीसाठी प्लुटोनियमभोवती साधी स्फोटके अशी रचायची होती की दाब सर्व बाजूंनी एकाच क्षणी आत पडावा. हे काम डी.आर.डी.ओ.च्या प्रयोगशाळांकडे आले. पुण्यातील स्फोटक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक वामन दत्तात्रेय पटवर्धन त्यात होते. १८ मे रोजी स्फोट यशस्वी झाला. पटवर्धनांचे नाव आज त्यांच्या पुण्यातही फारसे कुणाला ठाऊक नाही. पण या यशाचे एक कारण लक्षात घ्यायला हवे. हा बेत मोजक्या लोकांचा होता, थेट पंतप्रधानांच्या संमतीने चाललेला. आराखडा आणि निर्मिती यांच्यामध्ये तिथे भिंत नव्हती.

१९८० मध्ये संशोधनाचाही स्वतंत्र विभाग झाला. सल्लागार, सचिव आणि डी.आर.डी.ओ.चे प्रमुख अशा तीन टोप्या एकाच डोक्यावर आल्या. डॉ. अरुणाचलम यांच्या कारकिर्दीत, १९८३ मध्ये, क्षेपणास्त्रांचा एकत्रित कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचे नेतृत्व करणारे डॉ. अब्दुल कलाम १९९२ मध्ये स्वतः सल्लागार झाले. या पदाला लोकांच्या मनात चेहरा मिळाला तो तेव्हा. क्षेपणास्त्रांनी देशाला मान मिळवून दिला, यात वाद नाही. पण त्याच काळात तोफेचे काय झाले?

१९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा करार झाला. दलालीचा गदारोळ सर्वांना आठवतो. त्या करारातून तंत्रज्ञानाची कागदपत्रेही भारताकडे आली होती, हे फारसे कुणाला आठवत नाही. आरोपांच्या सावलीत ती वर्षानुवर्षे पडून राहिली. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर मारा केला तो स्वीडिश तोफांनी. तेव्हा सल्लागार होते कलाम. अग्नीची चाचणी घेणाऱ्या देशाजवळ स्वतःची १५५ मिलिमीटरची तोफ नव्हती. दोष एका माणसाचा नाही. तोफ कुणी घडवायची, हा प्रश्न कुणा एकाच्या टेबलावर नव्हताच.

अखेर ती घडवली जबलपूरने. जुनी कागदपत्रे बाहेर काढून आयुध निर्माण्यांनी ‘धनुष’ हाती घेतली. डी.आर.डी.ओ.सह अनेकांची मदत झाली, पण पुढाकार कारखान्याचा. बोफोर्सच्या नळीची लांबी तिच्या व्यासाच्या ३९ पट, म्हणजे सुमारे सहा मीटर. धनुषची ४५ पट, जवळजवळ सात मीटर. मारा ३८ किलोमीटरपर्यंत गेला. चाचण्यांत अपघात झाले, नळी फुटली, पुन्हा चाचण्या झाल्या. ८ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या सहा तोफा जबलपुरात लष्कराच्या हवाली झाल्या.

इकडे पुण्यात ए.आर.डी.ई.ने ‘अटॅग्ज’ ही पूर्णतः आपल्या आराखड्याची, ५२ कॅलिबरची तोफ तयार केली. मार्च २०२५ मध्ये तशा ३०७ तोफांचा करार झाला, तो भारत फोर्ज आणि टाटा या खाजगी कंपन्यांशी. म्हणजे जबलपूरने तोफ केली ती बोफोर्सच्या कागदांवरून, आणि पुण्याने आराखडा केला तो जबलपूरच्या भट्टीत गेला नाही. दोन्ही तोफा चांगल्या आहेत. पण १९५८ पासून ज्यांनी हातात हात घालून चालायचे, ते दोघे वेगवेगळ्या वाटांनी तिथे पोहोचले.

दरम्यान व्यवस्था बदलत राहिली. २०१५ मध्ये सल्लागाराचे पद डी.आर.डी.ओ.च्या प्रमुखपदापासून वेगळे केले गेले. कामगार संघटनांचा विरोध डावलून १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या. तोफगाड्यांचा कारखाना कानपूरच्या कंपनीत गेला, वाहनांचा चेन्नईच्या, खमरिया पुण्याच्या. जबलपुरात एकमेकांना लागून वाढलेले कारखाने आता तीन शहरांना उत्तर देतात.

त्यात एक योगायोग आहे. खमरियाचा दारूगोळा आणि ए.आर.डी.ई.चे आराखडे, दोघांचेही मुख्यालय आता एकाच शहरात आहे. विभाग मात्र अजून दोनच आहेत. वैज्ञानिक सल्लागाराचे मोल त्याच्या प्रयोगशाळांत किती शोध लागले यावर ठरते, असे आपण मानत आलो. जबलपूरचा इतिहास दुसरे माप सुचवतो: त्यांतले किती शोध कारखान्याच्या दारातून वेळेवर बाहेर पडले? सीमेवर तोफेमागे उभ्या असलेल्या जवानाला विभाग कुणाचा, याच्याशी कर्तव्य नसते.