आजारी बालकांच्या पालकांना मानसिक आधार

गुंतागुंतीच्या दीर्घ आजाराने ग्रस्त बालकाची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या मातापित्यांना निद्रानाश, चिंता, अपराधभाव व एकाकीपणा ग्रासतो. हा थकवा म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. त्यांना उपदेशापेक्षा विसाव्याची गरज असते. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे अँग्लिकन धर्मभगिनी फ्रान्सिस डॉमिनिका यांनी एका आजारी बालिकेला अधूनमधून आपल्याकडे ठेवून घेऊन तिच्या पालकांना विश्रांती दिली. त्यातूनच १९८२ साली 'हेलन हाऊस' हे जगातील पहिले बाल-हॉस्पिस उभे राहिले.

भारतात २०२२ पासून 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य समुपदेशन मिळते. धर्मग्रामातील शेजाऱ्यांनीही बालकाच्या देखभालीची रीत पालकांकडून शिकून घ्यावी व आठवड्यातून दोन तास तरी त्यांना उसंत द्यावी.