वारीचा शिंपला, सहलीचा बिल्ला

मालवणच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर तारकर्ली आहे. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची पट्टी. सुट्टीत मुलाबाळांसह आलेली मंडळी परत निघाली की पोरांच्या खिशांतून पुळण गळते आणि मूठभर शिंपले निघतात. गेलो त्या गावची खूण घरी न्यावी, ही माणसाची हौस फार जुनी. आपण जेजुरीहून भंडारा आणतो, टाक घडवून घेतो. काशीचे गंगाजल रामेश्वराला आणि रामेश्वरची वाळू गंगेला, ही तर दोन तीर्थांची अदलाबदलच म्हणा ना!

युरोपातही हेच घडले. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेहून परतणारा वारकरी टोपीला नाहीतर झोळीला शिंपला लावी. इंग्लंडात कँटरबरीला ११७० साली धर्मगुरू टॉमस बेकेट मारला गेला, आणि त्याच्या समाधीला रीघ लागली. तिथे शिसे-कथलाचे लहान बिल्ले ओतून विकीत. गरिबालाही परवडत. लंडनच्या थेम्स नदीच्या चिखलातून असे बिल्ले अजून निघतात. पण ते निघाले कशाला? एक कारण अभ्यासक असे देतात की, यात्रेकरू समाधीचेच टवके काढून नेत. बिल्ला हाती मिळाला की दगड वाचे. हे कारण लक्षात ठेवा, ते पुढे आपल्या कामाला येणार आहे.

पुढे १८९६ साली अथेन्सला ऑलिंपिक सामने भरले. खेळाडू, पंच, अधिकारी ओळखू यावेत म्हणून त्यांना पुठ्ठ्याचे बिल्ले दिले होते. खेळाडूंच्या बिल्ल्यांची अदलाबदल हळूहळू रूढ झाली, आणि १९८४च्या लॉस एंजेलिसच्या सामन्यांत तर साधे प्रेक्षकही रस्त्यात उभे राहून बिल्ले बदलू लागले.

आपल्याकडच्या पोरांना हे शिकवायला ऑलिंपिक लागले नाही. बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ साली राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले, त्या काळात काँग्रेसची बैलजोडी आणि प्रजासमाजवाद्यांची झोपडी अशी चिन्हे होती. निवडणूक आली की गावोगावची मुले पक्षांचे बिल्ले जमवीत. पक्षाशी त्यांना काय देणेघेणे! आपल्यापाशी दोन आहेत आणि दुसऱ्यापाशी एकही नाही, एवढे कळले की सौदा सुरू.

आता तारकर्लीकडे परत येऊ. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पोवळी, समुद्रपंखे आणि कित्येक जातींचे शंख यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. ते उचलणे किंवा विकणे गुन्हा ठरतो. साधा रिकामा शंखसुद्धा रिकामा नसतो, त्यात खेकडा बिऱ्हाड करतो. सिंधुदुर्ग किल्ल्याचेही तेच. १६६४ साली पायाभरणी झालेल्या त्या किल्ल्यात चुन्यात उमटलेले महाराजांचे हाताचे नि पायाचे ठसे दाखवतात. प्रत्येकाने एकेक टवका नेला तर उरेल काय?

म्हणून मला वाटते, इथल्या शाळांनीच बिल्ले करावेत. जाड पुठ्ठ्याची चकती, तीवर मुलाने काढलेली होडी किंवा किल्ल्याचा बुरूज, मागे टाचणी आणि गावाचे नाव. कोल्हापूर-नागपूरचा पाहुणा मुलगा आला की एकास एक बदलायचा. आपल्या गावचा बिल्ला नसेल तर त्याने तिथेच बसून एक करून द्यावा. नवशिक्याने प्रत्येक ठिकाणचे दोन घ्यावेत, एक ठेवायला, एक बदलायला. मागे तारीख आणि देणाऱ्याचे गाव लिहावे. गुरुजींना त्यातून भूगोलाचा तासही निघेल. सगळे बिल्ले जुन्या धोतराच्या पट्टीवर टोचून भिंतीला लावले की झाले. फक्त टाचणी पितळेची घ्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाची गंजते आणि कापडावर डाग पडतो.